टिटवीची रातपाळी

सावद्याच्या रस्त्याला, केळीच्या बागा संपतात तिथं
आमचं यार्ड : अकरा ट्रक, एक ऑफिस, बाहेर शकूरची टपरी,
आणि तारेचं कुंपण. कुंपण म्हणायचं इतकंच.

फेब्रुवारीत दोन बॅटऱ्या गेल्या.
होळीच्या आदल्या रात्री ताडपत्री, दोरखंडासकट.
मग स्टेपनी.
मग डिझेल, रोज थोडं,
मांजर साय खातं तसं, भांडं न वाजवता.

जळगावहून एक पोरगा आला, गळ्यात टाय.
आठ कॅमेरे, एक पडदा, वर्षाचा करार.
वारके शेठनी आकडा वाचला,
चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला
आणि पोराच्या हातावर दोन केळी ठेवली.

दाराशी नामदार तडवी उभा होता,
पालकडचा माणूस, आमचा रात्रीचा राखणदार.
"शेठ, मले आठ दिवस द्या," म्हणाला.
"अन् डबे. रिकामे."

डबे मीच गोळा केले,
ग्रीसचे, रंगाचे, तुपाचे.
प्रत्येकात चार खडे घालून तारेला टांगले.
वेड्या बाभळीच्या फांद्या, काटे बाहेरच्या अंगाला.
ट्रक जोडीजोडीनं, टाकीला टाकी भिडवून :
मधून मांजर जाईल, कॅन जाणार नाही.
बॅटरीवर नंबर, पांढरा, ढोबळ,
विकताना चोराला लाज वाटेल एवढा.
शकूरच्या बल्बचं निम्मं बिल आम्ही भरायचं,
त्यानं दोनपर्यंत स्टोव्ह विझवायचा नाही.
आणि क्रशरवर उरलेली खडी, दोन ट्रॉल्या, नुसत्या भाड्यात.
पावलाखाली ती बोलते.
वहीत मी लिहिलं, 'खडी, बोलकी.'
शेठनी 'बोलकी' खोडलं.

मला वाटलं, झालं.
नामदारनं बांबूची काडी तासून आणली,
चाकूनं खाचा पाडल्या.
"ट्रक लावायच्या आधी टाकीत बुडवा, ताई,
सकाळी काढला की पुन्हा बुडवा.
कुलूप बाहेरच्याले. माप आतल्याले."

अकरा म्हणजे पाच जोड्या आणि एक एकटा.
तो एकटा फाटकाशी उभा असायचा.
एप्रिलात त्याच्या मागच्या चाकाजवळ
टिटवीनं अंडी घातली, चार,
खडीच्याच रंगाची. नामदारनं भोवती विटा मांडल्या.
शेठ म्हणाले, टिटवी ओरडते त्या घरी वाईट होतं.
"चोराच्या घरी होईन, शेठ."

टिटवीला मालक कळत नाही.
ती शेठवर ओरडायची, माझ्यावर ओरडायची,
दूधवाल्याच्या सायकलीवर तर तुटूनच पडायची.

एका रात्री दीडला ती ओरडली.
डबे वाजले नव्हते.
कुत्रं गप्प होतं, शेपूट हलवत.
फाटक किल्लीनं उघडलेलं.
नामदारनं टॉर्च मारला नाही. का, ते मी विचारलं नाही.
सकाळी त्यानं नुसती काडी माझ्या हातात दिली.
अकराव्यात तीन खाचा कमी.

किल्ल्या दोनच. एक शेठकडे.
दुसरी हेमराजकडे, माझ्या धाकट्या भावाकडे,
त्याला इथं मीच लावलं होतं,
शेठच्या घरी दोनदा जाऊन.

आकडा लिहायला मला दुपार झाली.
डबा उघडला, तसाच बंद केला.
मग लिहिला, निळ्या शाईत,
ओळीत, बाकीच्या आकड्यांएवढाच.

खर्चाची बेरीज चार हजार सातशे तीस.
शेठ पाहुण्यांना ती वाचून दाखवतात,
आणि ऐकून रावेरहून एकजण डबे बघायला आला.
हेमराज आता इंदूरच्या लाइनीवर दुसऱ्याची गाडी चालवतो.
राखीला आला नाही.

पिल्लं निघाली, खडीवर पळाली,
दोन पावलांवर दिसेनाशी झाली.
वारा सुटला की डबे वाजतात, नामदार उठत नाही,
वारा त्याच्या ओळखीचा आहे.
विटा अजून तशाच आहेत, मध्ये काही नाही.
अकरावा ट्रक रोज संध्याकाळी
त्यांना वळसा घालून लागतो.